रांगेतली बाई

१

नवरात्राची चौथी माळ. पहाटे वाड्याला जाणारी पहिली एसटी फलाटाला लागली, लोक पुढे सरकले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की रांगेत एक बाई कमी आहे.

ही बाई फायबरची होती. आतून पोकळ, वरून तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा रंग. भिवंडीचं नवं बस स्थानक बांधायला काढलं तेव्हा वरून हुकूम आला होता, की खर्चातला चिमूटभर वाटा कलेसाठी राखून ठेवायचा. प्रकल्पाचे इंजिनियर दत्तोपंत यांना तो हुकूम वाचून ठसकाच लागला. “त्या पैशात दोन मुताऱ्या झाल्या असत्या,” असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. खोटं कशाला बोला, माझंही मत तेच होतं. पण समिती बसली, तीनदा भांडली आणि काम आमच्याच गावच्या केसरीनाथला मिळालं. हा मुंबईहून शिकून आलेला शिल्पकार. त्याने रांगेच्या कठड्याला लागून, वीतभर चौथऱ्यावर, तुमच्या-आमच्या उंचीची एक बाई उभी केली. एका हातात पिशवी, दुसरा हात मागे कमरेवर, मान वळवून गाडीची वाट बघणारी. कामाचं नाव ‘रांगेतली बाई’.

आधी लोकांनी तिच्या हाताला छत्र्या अडकवल्या. मग कुणीतरी कुंकू लावलं. एकदा कुंकू लागलं की आपल्याकडे परतीची वाट नसते. कुंकवामागून नारळ आला, नारळामागून हिरवी साडी आली. नवरात्र बसल्यावर तर इतके हार पडायला लागले, की बाईची मान दिसेना. सरकारी पैशातून कला उभी राहिली होती आणि लोकांनी तिची परस्पर देवी करून टाकली होती.

आणि आता देवी नाहीशी झाली होती. चौथऱ्यावर चार बोल्ट उरले होते, नट काढून बाजूला ठेवलेले. पैशांची थाळी जिथल्या तिथे, एक नाणंही हललेलं नाही. साडीची व्यवस्थित घडी. हार मात्र सगळे कात्रीने कापून कोपऱ्यात टाकलेले. आणि चौथऱ्यापाशी एका खापरात विझलेले निखारे, त्यात जळक्या मिरच्या, मीठ, मोहरी.

“करणी!” लोक म्हणाले. दुपारपर्यंत मंडईतली निम्मी दुकानं अर्ध्या फळीवर आली. काही ठिकाणी तर कापडाचे लूमही थांबले. लूमची खडखड थांबली की भिवंडीकर घराकडे धावतो. या गावाने एकदा दंगलीत चांगलंच पोळून घेतलंय. इथे अफवेला पाय फुटले की माणसं आधी पोरांना शाळेतून घरी आणतात.

फौजदारांनाही घाई होती. त्यांनी स्थानकाचा राखणदार नामा याला उचललं. रात्री ड्युटीवर तो एकटाच, पाना त्याच्याच पेटीत आणि वर तोंड उघडायला तयार नाही. करणी करून देवी विकली असा आरोप ठेवला आणि त्याच दिवशी कोर्टातून परवापर्यंतची कोठडीही मिळवली.

मी हरी. ॲडव्होकेट विद्युल्लताताईंचा कारकून. संध्याकाळी नामाची बायको ठमाबाई अंजूरहून रिक्षा करून आमच्या ऑफिसात आली आणि खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली.

“वकीलबाई, त्याला सोडवा. परवापरेंत देवी घावली न्हाय तर लोक त्याला जित्ता सोडनार न्हायत,” ती म्हणाली. “पन तो बोलतो, मना वकील नको.”

२

ज्याला वकील नको असतो त्याच्याकडे ताई आधी जातात. चष्म्याला दोरी, पर्समध्ये बडीशेप आणि अंगात बसून राहायची सवय नाही, अशा आमच्या ताई. कोठडीसमोर त्या येरझाऱ्या घालत होत्या आणि नामा गजांआड उकिडवा बसून त्यांच्या चपलांकडे बघत होता. पन्नाशीचा, दांडगा, केस कानावर पांढरे झालेले. मी सारखा मागे बघत होतो, कारण बाहेर फाटकापाशी दहा-वीस पोरं उगीचच उभी होती.

“मूर्ती तू विकलीस?”

“न्हाय.”

“मग कुणी नेली?”

नामाने जमिनीवरची काडी उचलून मोडली.

“तुला माहीत आहे.”

“हाय. पन सांगनार न्हाय.”

“नामा, परवा तुला पुन्हा उभं करतील. बाहेरची पोरं बघितलीस? तुला तुरुंगात टाकलं तर वाचशील, असं म्हणायची पाळी आलीय.”

“ठाव हाय मना.”

ताई थांबल्या. बाहेर पडायला वळणार, तोच नामाने पहिल्यांदा मान वर केली.

“ताई, एक इचारू? घावली तर परत थितंच उभी करनार काय?”

“सरकारी पैशाची वस्तू आहे. तिथेच उभी करणार.”

नामाने पुन्हा मान खाली घातली. “मग नको घावू दे,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बाहेर येताना मी पुटपुटलो, “हा तर स्वतःच्याच गळ्याला फास लावतोय.”

“स्वतःसाठी कुणी इतकं गप्प बसत नाही, हरिभाऊ,” ताई म्हणाल्या. “हा दुसऱ्या कुणासाठी तरी बसलाय.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्थानकावर. रिकाम्या चौथऱ्याभोवती लोक घोळका करून उभे होते. हार विकणारा मोरू सगळ्यांना तीच गोष्ट नव्याने सांगत होता. पानाची टपरी बंद करून त्याने हारांचं दुकान टाकलं होतं आणि स्वतःला पुजारी म्हणवून घ्यायला लागला होता.

“मी इथेच झोपलेला, टपरीत! पण कसली तरी मोहिनी घातली. मिरच्या जळाल्या आणि मला साधा ठसका नाही? बोला! एकदम डेंजर करणी. मला विचाराल तर हे बाहेरच्यांचं काम हाय. आपला माणूस देवीला…”

“मोरू,” ताई इतक्या थंड आवाजात म्हणाल्या की घोळका एक पाऊल मागे गेला, “बाहेरचे म्हणजे कोण, हे पुढच्या वाक्यात बोललास तर तुझा जबाब मी स्वतः लिहून घेईन. नामाबद्दल बोल.”

मोरूने सूर बदलला. “नामाचं काय? उलटी खोपडी. सगळी दुनिया देवीच्या पाया पडते, हा कधीच नाही. मी पहिला हार घातला तर अंगावर आला. म्हणे कुंकू लाव, नारळ फोड, पण हार नको घालू. हातातून खेचला हो! तेव्हाच समजायला पायजे होतं.”

“फक्त हाराला नाही म्हणाला?”

“फक्त हाराला. बाकी काय पण करा, म्हणे.”

ताईंनी बडीशेप तोंडात टाकली. त्या खूश झाल्या की असं करतात.

दत्तोपंत आपल्या खोलीत कपाळाला बाम लावून बसले होते. “नाहीशी झाली ते उत्तमच,” ते म्हणाले, “पण दसऱ्याला मंत्री येतायत हो उद्घाटनाला! कला दाखवायची कुठली? आता मला विचारतील. असती तरी पंचाईत. हारवाले, नारळवाले, रांग वळून थेट गाडीच्या वाटेत. मीच तिला मागच्या आवारात हलवा म्हणून पत्र टाकलं होतं. त्याचंही आता भांडवल करतील.”

“तुम्ही हलवली का?”

“मी?” दत्तोपंतांनी बामाची डबी बंद केली. “अहो, मी नास्तिक माणूस. पण त्या बाईला हात लावायचं माझंसुद्धा धाडस झालं नसतं.”

बाहेर आल्यावर ताईंनी मला चौथऱ्यापाशी उभं केलं.

“बघा, हरिभाऊ. चोर असता तर थाळी सोडली नसती. देवीचा द्वेष्टा असता तर साडीची घडी घातली नसती. आणि भक्त असता तर हार कापून फेकले नसते. मग हा आहे कोण?”

“करणी करणारा,” मी म्हणालो.

“करणीत लिंबू दिसलं? बाहुली दिसली? मीठ, मोहरी, लाल मिरच्या. तुमच्या घरी हे कधी निखाऱ्यावर टाकतात?”

आमचा धाकटा ओकला, की त्याची आजी हेच करते.

“दृष्ट काढतात,” मी म्हणालो.

“आणि मोरूला ठसका लागला नाही, कारण…”

“कारण दृष्ट जबर असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, म्हणतात.”

“ते म्हणतात. मी म्हणते मोरू रात्री काहीतरी ढोसून झोपला होता. ते जाऊ दे. देवीची दृष्ट कुणी काढतं, हरिभाऊ? उभ्या जन्मात ऐकलंय?”

नव्हतं ऐकलं. देवीला दृष्ट लागत नाही. दृष्ट लागते ती हाडामांसाच्या माणसाला, तेही आपल्या माणसाला.

४

केसरीनाथचा गाळा कणेरीत, दोन लूमच्या कारखान्यांमध्ये चेपलेला. आत बोलायचं तर ओरडावं लागे. तो ओरडतच होता.

“माझ्या कामाची विटंबना आधी लोकांनी केली, मग चोरांनी! मी साधी बाई उभी केली होती. दमलेली, वाट बघणारी. या लोकांना साधी बाई बघवत नाही. तिला एक तर देवी करायची, नाही तर…” त्याने हातातली कोरणी मातीच्या गोळ्यात खुपसली. “त्या रात्री मी मुंबईत होतो. एका समीक्षकाला हे काम दाखवायला आणणार होतो. माझं हे पहिलं सार्वजनिक काम, ताई! असं काम पुन्हा मिळेल का मला?”

“बाई कुणावरून केली?” ताईंनी विचारलं.

लूमची खडखड चालू होती. केसरीनाथने हात पुसले.

“कुणावरून नाही. कल्पनेतली.”

“तिचा हात मागे कमरेवर आहे. डाव्या बाजूला भार आहे. हे कल्पनेत दिसत नाही, केसरीनाथ. कुणाला तरी तासन्‌तास उभं केलं असणार.”

“कल्पनेतली आहे म्हणालो ना! माफ करा, घरी आजारपण आहे. मला डोकं नाही सध्या.” आणि त्याने आमच्याकडे पाठ फिरवली.

मला त्याचा राग आला. इकडे एक माणूस कोठडीत कुजतोय आणि ह्याला समीक्षकाची पडलीय. कलेसाठी पैसा दिला की माणूस असा हवेत जातो, असं मी ताईंना म्हणालोही. ताईंनी लक्ष दिलं नाही.

“खोटं बोलला,” त्या म्हणाल्या. “पण चोर म्हणून नाही. लाजला. लगेच रिक्षा बघा. अंजूरला जाऊ.”

“तिथे काय?”

“नामाला हाराचं एवढं का लागलं, ते तिथे.”

५

अंजूरच्या वाटेवर शेतं होती, शेतांच्या मध्ये नवी गोडाऊनं उठत होती. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती आणि मी घड्याळ बघत होतो. उद्या सकाळी कोर्ट.

ठमाबाईने दार उघडलं. घर सारवलेलं, नीटनेटकं. समोरच्या भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, हातात बक्षिसाचं पुस्तक, शेजारी पांढऱ्या साडीतल्या, मला कुठेतरी बघितल्यासारख्या वाटलेल्या एक बाई. फोटोला चंदनी काड्यांचा हार होता.

“चंद्रा,” ठमाबाई म्हणाली. “आमची एकच. ताप आला आन्‌ गेली. सातवीला पयला नंबर होता तिचा.” तिने पदराने काच पुसली. “हार घातला तवा नामा दोन दिस घरात आला न्हाय. बोलला, जवर हार न्हवता तवर वाटत व्हतं का शाळंत गेलीय.”

ताई फोटोसमोर उभ्या राहिल्या. त्या एरवी कुठे अर्धं मिनिटही स्थिर उभ्या राहत नाहीत.

“हार घातला म्हणजे माणूस गेलं,” त्या हळू म्हणाल्या.

“मंग? जित्या मानसाच्या तसबिरीला कोन हार घालंल? अशुभ न्हाय का!”

“शेजारच्या या बाई कोण?”

“या अनसूयाबाई. शाळंतल्या. चंद्रावर लई जीव. दवाखान्यात पन त्याच बसून व्हत्या रातभर. नामा बोलतो, त्या बाईंनी जीव मागला तरी दिईन.” ठमाबाईने पदर नीट केला. “तुमी वळखता ना? तो मूर्ती बनवनारा न्हाय का, केसरीनाथ, त्याची आय.”

परतीच्या रिक्षात ताई बोलत होत्या आणि मला प्रत्येक वाक्याला धक्का बसत होता, त्यातले निम्मे खड्ड्यांचे.

“लोकांना ती देवी वाटली, म्हणून हार घातले. देवीला हार घालणं बरोबरच. पण दोन माणसांना ती देवी दिसतच नव्हती. नामाला दिसत नव्हती, म्हणून तो पाया पडला नाही आणि हार ओढून काढला. आणि दृष्ट काढणाऱ्या माणसाला दिसत नव्हती. त्यांना दिसत होती एक जिवंत बाई, जिच्या गळ्यात अख्खं गाव रोज मेलेल्या माणसाचा हार घालत होतं. केसरीनाथच्या घरी आजारपण आहे. कोण आजारी आहे, हरिभाऊ?”

“त्याचं लग्न गेल्याच वर्षी झालं,” मी म्हणालो. “बायको अकलोलीकडची. मी पाहिलेली नाही. गावात फारशी कुणीच पाहिलेली नाही. लग्न झालं आणि लगेच दिवस गेले म्हणे.”

ब्राह्मण आळीतल्या केसरीनाथच्या घराचं दार अनसूयाबाईंनी उघडलं. ताईंना बघून त्या काही विचारायच्या आधीच आतल्या खोलीतून कुणीतरी पाणी मागितलं. दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर एक तरुण बाई आडवी झाली होती, पोट वर आलेलं, चेहरा ओढलेला. तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं.

तीच मान, तेच डोळे, तेच हनुवटीचं वळण. मी गेले कित्येक महिने ह्या बाईच्या मागे रांगेत उभा राहत आलो होतो.

६

अनसूयाबाईंनी काही लपवलं नाही.

“ये बाळ,” त्या मला म्हणाल्या. मीही त्यांच्याच शाळेचा, त्यांनी ओळखलं. मग ताईंना म्हणाल्या, “ह्या घरात जागा असेल तिथे बसा. मागच्या खोलीत जाऊ नका, तिथे ती झोपलीय.”

“ती कोण?” म्हणत ताईंनी मागचं दार ढकललं.

आत अनसूयाबाईंच्या स्वतःच्या खाटेवर रांगेतली बाई होती. डाव्या कुशीवर निजवलेली, गळ्यापर्यंत गोधडी. पिशवीचा हात गोधडीबाहेर आला होता, त्याखाली उशी दिलेली.

“डॉक्टरांनी सुचेताला डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय,” अनसूयाबाई म्हणाल्या. “म्हणून हिलाही. केसरीलासुद्धा ह्या खोलीत येऊ दिलं नाही मी.” मग त्यांचाच चेहरा शरमेने उतरला. “हसा मला. जन्मभर मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतले मी. पण घटस्थापनेला त्या मोरूने पहिला हार घातला आणि त्याच संध्याकाळी हिला त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाल्या, पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही, मूल जाईल, कदाचित आईही. रोज नवे हार पडत होते आणि रोज हिचं दुखणं वाढत होतं. मी केसरीला म्हटलं, काढ तो पुतळा. तो म्हणाला, आई, तू शिकलेली आहेस. शिकलेली आहे म्हणून काय करू? मला झोप येईना!”

“म्हणून नामाकडे गेलात.”

“त्याने काही विचारलं नाही. पुतळा बसवत होते तेव्हा त्याने सुचेताला तिथे बघितलं होतं. चेहरा ओळखला होता. हारावरून तो आधीच मोरूच्या अंगावर गेला होता. मी दृष्ट काढली, त्याने नट सैल केले. गोधडीत गुंडाळून हातगाडीवर घातली आणि आजारी माणसाला नेतात तशी आणली. वाटेत कुणी वळूनही बघितलं नाही.”

“आणि तो आता कोठडीत आहे.”

“त्यानेच मला बजावलं होतं, की काही झालं तरी गप्प राहा. मी दोनदा चपला घातल्या ठाण्यावर जायला. दोनदा आतून हिने हाक मारली.” अनसूयाबाई रडायला लागल्या. “ती परत उभी केली की पुन्हा हार पडतील, बाई. मला तुरुंगात घाला. पण तिला परत उभी करू नका.”

तेवढ्यात केसरीनाथ आला. दारातूनच त्याला खाटेवरचं काम दिसलं. त्याने आईकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“आई, तू?” एवढंच म्हणाला. मग ताईंकडे वळला. “हिला मीच उभं केलं होतं, महिनाभर. सरकारी कामासाठी घरच्या सुनेला उभी केली असं गावाने म्हणायला नको, म्हणून बोललो नाही. पण हे काम परत जाणार. ते लोकांच्या पैशाचं आहे. काही अर्थ आहे का या सगळ्याला? हारांनी कुणी मरत नाही!”

“नाही मरत,” ताई म्हणाल्या. “मीही मानत नाही. पण उद्या सकाळी एक माणूस ह्यापायी मरू शकतो, आणि तो हारांनी नाही मरणार.”

“कोण माणूस?” आतून प्रश्न आला.

सुचेताला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ताईंनी दारात उभं राहून सगळं सांगितलं, काही न गाळता. मला ते बरं वाटलं नाही. आजारी बाईला असं सांगतात का? पण ऐकून झाल्यावर तिने नवऱ्याला हाक मारली.

“तुम्हाला बाई हवी होती ना, रांगेतली? कुणीही? मग माझा चेहरा कशाला हवा?”

“सुचेता, तो चेहरा…” केसरीनाथ पलंगापाशी गेला. “तेवढाच तर मला जमलाय. बाकी सगळं कुणीही करेल.”

“तो माणूस माझ्यासाठी आत बसलाय. माझ्या नावाने गाव पेटायला आलंय. मी इथे पडून काय करू? तुम्ही करा. काढा तो.”

७

केसरीनाथने रात्र कुठे काढली, मला माहीत नाही. सकाळी त्याच्या दाढीत फायबरची भुकटी होती.

ताई आधी कोठडीत गेल्या. नामाला म्हणाल्या, “ती परत उभी राहणार आहे. पण आता ती कुणाचीच नाही. चेहरा नाही तिला.” नामा उठून गजांपाशी आला. मग म्हणाला, “मंग वकील चालंल.”

कोर्टात ताई पाच मिनिटं बोलल्या. करारात लिहिलंय की कामाची देखभाल शिल्पकाराने करायची. शिल्पकाराच्या घरच्या माणसाने पुतळा दुरुस्तीला नेला. राखणदाराने तो ओळखीच्या माणसाच्या हाती दिला. त्याने पावती घेतली नाही हे खरं, पण चोरी झाली कुठे? शिल्पकार शेजारीच उभा होता. त्याने सगळ्याला हो म्हटलं. “दुरुस्ती कसली?” असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “चेहऱ्यात दोष होता.” हे म्हणताना त्याने कठडा घट्ट धरला होता. अनसूयाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

नामा सुटला. दुपारी लूम पुन्हा सुरू झाले आणि मला गाढ झोप लागली.

दत्तोपंतांना वाटलं होतं की बिनचेहऱ्याच्या पुतळ्याला आता कोण विचारतो? फलाटाची वाट मोकळी होईल. पण आपल्या लोकांनी जुन्या देवळांतले तांदळे कमी बघितलेत का? ज्याला तोंड नाही, ना डोळे, असा नुसता शेंदूर माखलेला धोंडा म्हणजे तर पक्की जागृत देवी. गर्दी दुप्पट झाली. मंत्र्यांनीही दसऱ्याला हात जोडले. केसरीनाथ त्या दिवशी तिकडे फिरकला नाही. त्याला पुन्हा तसं काम मिळालं नाही, आणि तसा चेहराही पुन्हा जमला नाही, असं तो स्वतःच सांगतो. मी त्याला हवेत गेलेला म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतले, पण त्याच्या तोंडावर नाही.

उन्हाळ्यात एकदा मी वज्रेश्वरीच्या गाडीच्या रांगेत होतो. पुढे सुचेता होती, तान्ही मुलगी घेऊन अकलोलीला माहेरी निघालेली. तिच्यामागे शेलार गावची ठकुबाई डोक्यावर पाटी घेऊन उभी. गर्दी तर अशी की गाडीत उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ.

ठकुबाईने सुचेताला कोपराने ढोसलं. “अगो, पोरीला देवीच्या पायावर घाल की. नुसती काय उभी रायलीस?”

सुचेताने त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मुलीला चौथऱ्यावर ठेवलं, कपाळ टेकवलं आणि उचललं.

“काय मागलंस?” ठकुबाईने विचारलं.

“खिडकीची जागा,” सुचेता म्हणाली.

सगळी रांग हसली. एवढ्यात गाडी वळण घेऊन आत आली आणि फलाटाला लागायच्या आधीच फाटकावरून नामा पळत सुटला. ह्या वयात तो माणूस एवढा पळेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून दुसऱ्या सीटवर टाकला. मग दारात आडवा उभा राहून कंडक्टरवर ओरडला, “आधी लेकुरवाळी बाई चढंल, मंग बाकी!”

“बघ,” ठकुबाई पाटी सावरत म्हणाली, “लगीच पावली.”

सुचेता खिडकीत बसली. नामाने बाहेरून हात वर करून टॉवेल परत मागून घेतला, खांद्यावर टाकला आणि ड्युटीवर गेला.